पाळकांचा बंगला, श्रेणी दोन

टेपचं एक टोक शमुवेलमामांच्या हातात,
दुसरं माझ्या.
अठरा फूट चार इंच, मी ओरडते.
हो, तेवढीच असेल, ते म्हणतात,
खोलीनं त्यांना कधीतरी स्वतःहून सांगितल्यासारखं.

आंबेघर खुर्द तेव्हा गाव होतं,
पुण्याहून बैलगाडीनं अर्धा दिवस.
आता महापालिकेची हद्द त्याच्याही पुढे गेलीये.
पाळक राहायला गेले कॅम्पातल्या फ्लॅटात
आणि बंगला आला वारसा यादीत.
म्हणजे याचा खिळासुद्धा आता
विचारल्याशिवाय उपटायचा नाही.

अर्जात रकाने आहेत.
शैली: गॉथिक, मी लिहिते.
टोकदार कमानी, उंच निमुळत्या खिडक्या,
भिंती काळ्या दगडाच्या, पावणेदोन हात जाड,
कैच्या सागवानी, कौलं मंगळुरी
(सहा अलीकडची, रंगावरून कळतात).

दिवाणखान्यात शेकोटी.
नकाशा बोटीनं आला विलायतेहून,
त्यात होती, म्हणून बांधली.
धुराडं थेट कौलांच्या वर काढलं, त्यातून धूर कधी गेला नाही.
पहिल्या साहेबाच्या मडमेनं तिच्यात
नेच्याच्या कुंड्या ठेवल्या,
रेव्हरंड हिवाळ्यांनी बाप्तिस्म्याची रजिस्टरं,
आणि सगुणाबाई हिवाळ्यांनी
रजिस्टरं कपाटात हलवून खुडूक कोंबडी.
तेरातली बारा निघाली, मामा सांगतात.
साल त्यांना आठवत नाही, हा आकडा पक्का आहे.

भिंतीचे खालचे थर बघ, ते म्हणतात.
घडीव. सांध्यात सुरी शिरत नाही.
खिडकीच्या पट्टीपासून वर मात्र
दगड ओबडधोबड, चुना सढळ.
तिथं दुष्काळ लागला.
गवंडी पोटामागं पांगले
आणि उरलेला बंगला ज्यांनी रचला
त्यांनी तोवर फक्त शेताचे बांध घातले होते.
मजुरी अर्धा शेर जोंधळा.
मी विचारते, याला कागद आहे का काही?
ते म्हणतात, भिंत आहे ना.

पुढच्या दाराची पायरी: सपाट. कड अजून बोटाला लागते.
मागच्या दाराची, स्वयंपाकघराकडची,
मधोमध दोन बोटं खोल.
मी बाटलीतलं पाणी ओतून बघते,
साचतं.

पुढून यायचे बिशप, मामलेदार, छत्रीवाले पाहुणे.
मागून मंडळी.
पत्र वाचून घ्यायला, क्विनाइन मागायला,
पोराला शाळेत नाव घालायला,
नवऱ्यानं मारल्यावर नुसतंच बसायला.

हिवाळे आपल्यातले पहिले पाळक.
पुढच्या दाराची किल्ली त्यांना समारंभानं दिली,
वीतभर लांब, पितळी.
दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी पुढच्या अंगणात जमली,
कुणी आत जाईना.
हिवाळे मागच्या दारानं निघाले,
बंगल्याला वळसा घालून त्यांच्यात येऊन उभे राहिले,
आणि मग त्यांनाही कळेना
आपण कुठून आत जायचं.
मामा तेव्हा सात वर्षांचे.
सांगताना हसतात. मग चष्मा पुसतात बराच वेळ.

रकाना अकरा: वास्तूचं महत्त्व.
तीन ओळींची जागा.
ग्रामीण गॉथिकचा दुर्मीळ नमुना, मी लिहिते,
खोडते, पुन्हा तेच लिहिते.
पायरीचं रेखाचित्र वेगळं जोडते, एकास पाच,
खोलगटपणा मिलिमीटरमध्ये.

निघताना मामा विचारतात,
त्या खिडकीला जाळी लावली तर चालेल का?
डास फार येतात.
वेगळा अर्ज लागेल, मी म्हणते, समिती दोन महिन्यांनी बसते.
बरं, म्हणतात,
आणि गादीखालून काढतात
वर्तमानपत्राचा एक मोठा कापलेला तुकडा,
काचेवर धरतात दोन्ही हातांनी.

टोकापर्यंत बसतो.
माझ्या नकाशात तीच कमान
अर्धा इंच चुकलीये.