बावन्न चौक

आई पहाटे साडेपाचला बसमधून उतरली,
रात्रभर घाट उतरून आलेली, तरी टोपी सरळ.
पाठीवरच्या शालीत बटाटे, चार जातींचे,
वेगवेगळे बांधलेले,
जणू लिमात बटाटे मिळतच नाहीत.
म्हटलं, आज रविवार, मला सुट्टी. शहर दाखवते तुला.
ती म्हणाली, चालत ना?
बसमध्ये तिला मळमळतं.

आधी मोठा चौक.
पिवळ्या भिंती, काळपट लाकडी सज्जे, सगळी जाळी कोरीव.
मी पाठ केलेलं घडाघडा म्हणत होते,
हे अमक्या साली, ते तमक्या सरदारानं.
ती एका सज्ज्याखाली थांबली.
एवढ्या जाळीतली धूळ कोण पुसतं गं?

चर्चच्या तळघरात हाडं रचून ठेवलीत,
मांड्यांची वर्तुळात, मधोमध कवट्या.
परदेशी पाहुणे वाकवाकून पाहत होते.
आईनं टोपी काढली, ओठ हलवले,
आणि वर उजेडात आल्यावर एवढंच,
आता कोण कुणाचं, हे कसं लावायचं?

मग पूल. खाली नदी, म्हणजे तांबूस ओहळ.
ती कठड्यावरून बराच वेळ बघत राहिली,
ओळखीचं माणूस आजारी दिसावं तशी.

दुपारी समुद्राकडे निघालो.
एकच नाकासमोरचा रस्ता, मधून झाडांची रांग,
बावन्न चौक.
मी म्हटलं, टॅक्सी करू.
ती हसली. तेवढं तर ती
मेंढ्या सोडायला जाते आणि चुलीवरचं उतू जायच्या आत परत येते.

अठराव्या चौकात माझ्या नव्या सँडलनं टाच सोलली.
सव्विसाव्यात मी फुटपाथवर बसले.
आईनं पायातल्या टायरच्या चपला काढून
माझ्यापुढे सरकवल्या,
माझे सँडल शालीत बटाट्यांशेजारी बांधले,
आणि अनवाणी पुढे.

छत्तिसाव्या चौकात मी डावीकडे वळले.
इकडून जाऊ, सावली आहे.

सावली!
लिमाचं हिवाळी आभाळ म्हणजे ओली घोंगडी,
जूनपासून इथे कुणालाच सावली नाही.
आईनं वर पाहिलं. मग माझ्याकडे.

पुढच्याच चौकात हिरवं गेट आहे.
गेटमागे चौदा पायऱ्या, तीन न्हाणीघरं,
सेन्योरा ओफेलियाची चांदीची काटे-चमच्यांची पेटी,
आणि कानेलो नावाचा कुत्रा,
जो मला शंभर पावलांवरून ओळखतो.
पत्रांत मात्र मी ऑफिसात असते,
तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी.

आईनं माझा हात घेतला.
एकेक बोट उलटून पाहिलं,
बियाण्याचे बटाटे निवडताना पाहते तसं,
मग नाकाशी नेलं.
फिनेलचा वास रविवारीही जात नाही.

रात्री लिंबू चोळत जा, म्हणाली.
आता सरळ चाल.

सरळच गेलो.
कानेलोनं ओळखलंच. गेटखालून नाक बाहेर,
शेपटी पत्र्यावर धडाधडा.
आईनं त्याला पावाचा तुकडा दिला,
आणि वाकल्या वाकल्या आत पाहून घेतलं.
पायऱ्या स्वच्छ आहेत, म्हणाली.

बावन्नाव्यानंतरही रस्ता थोडा उरतोच, मग कडा.
समुद्र धुक्यात. दिसेना, नुसता ऐकू येत होता,
कुणीतरी अंधारात धान्य पाखडत असल्यासारखा.
आमच्या बोलीत तळं आणि समुद्र
एकाच शब्दात मावतात, कोचा.
आई पायऱ्या उतरून गोट्यांपर्यंत गेली,
ओंजळ भरली, चाखली, थुंकली.
एवढं पाणी, आणि गुरांना घोटभर नाही!
मला हसू आलं. मग नाही आलं.

तिथेच बसून तिनं शाल सोडली.
सँडल बाजूला ठेवले. चारी पुरचुंड्या माझ्या मांडीवर.
यातले पिवळे तुझ्या त्या बाईला दे, दोन-चार.
उकडायला सांग, सालासकट.
जांभळे नको देऊस.
जांभळे तुझे.