ळ

शनिवारी कचेरी बंद, म्हणून शनिवारी यंत्र उलटं करते.
खाली जुना पेपर.
आधी फीत काढायची, दोन्ही चकऱ्या सांभाळून,
अर्धी काळी, अर्धी तांबडी. तांबडी कधीच न वापरलेली,
अर्जात तांबडं काय लिहिणार.
मग दाढीचा ब्रश. नवऱ्याचा. त्याला माहीत आहे.

"बाये, खोबरेल घालूं नाका गो," इनास सांगायचा,
"थंडयेंत थिजता, मागीर दांडे दांड्यांक चिकटतात."
शिवणयंत्राचं तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल इतकं.
रुळाला स्पिरिट, अक्षरांना रॉकेल,
आणि ठ, थ, ध यांची पोटं टाचणीने कोरायची.
शाई आत बसली की ठ चा नुसता ठिपका होतो
आणि वाठादेवच्या माणसाला आपलं गाव वाचता येत नाही.

पेपरवर पडते ती धूळ अजून तांबडी.
खाणी थांबल्या, ट्रक थांबले,
डिचोलीचा रस्ता किती पावसाळे धुऊन निघाला,
यंत्राच्या पोटातून मात्र चिमूटभर निघतेच,
कुठे साठवून ठेवली होती कोण जाणे.

त्या वर्षी सगळ्यांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या
आणि सगळे माझ्या टेबलापाशी आले.
बँकेला लिहा. मामलेदाराला लिहा. कोणाला तरी लिहा.
अनुस्वाराची कळ दाबली तर गाडी पुढे सरकत नाही,
तसा एकेकजण बोलायचा,
पुन्हा पुन्हा त्याच जागी.

त्याच गर्दीत ळ गेला.
टिक्, आणि दांडा बोडका.
एकदा इनासने डाग दिला होता, खास म्हापशाहून येऊन.
आता त्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकतात.
आणि या बाजूची गावं तरी कशी,
पाळी. वेळगे. साखळी.

मी जागा सोडते,
घंटी वाजली की पुढची ओळ,
पान बाहेर काढल्यावर पेनाने एकेक ळ भरते.
नवा कारकून म्हणाला, हाताने लिहिलेलं चालणार नाही,
प्रत्येकाशेजारी अर्जदाराची सही हवी.
पाळीच्या सगुण गावसांनी अकरा सह्या केल्या.
अकराव्या सहीला हसले,
हप्त्याचं काय झालं ते सांगायला परत आले नाहीत.
जुना कारकून लांबूनच ओळखायचा,
"हा कुमुदिनीबाईंचा. ळ बघा, शेपूट वर."

आता रस्त्यापलीकडे कॉम्प्युटरवाला आहे. त्याच्याकडे ळ आहे.
माझ्याकडे येतात ते
बहुतेक बसायला येतात.

आज पेपरवर पडलं ते असं:
एक स्टेपल, तांदळाचा दाणा, रबराचा चुरा, माती.
मी काही शोधत होते असं नाही.

काळी बाजू विरली आहे, नवी फीत मिळत नाही.
तीच उलटी बसवली, तांबडी वर.
कागद घातला, करून पाहिलं:
पा. मग एक जागा. मग वेलांटी.
खाणीच्या मातीसारखा रंग उमटला, थोडा ओलाच.
पेन निळं आहे.
कारकून काय म्हणेल ते सोमवारी.