केझिकमध्ये, चार वाजता

दुपारनंतर या, ॲलस्टर म्हणाला होता,
सकाळचे पाय खोटं बोलतात.

आता त्याच्या दुकानातल्या लाकडी उतारावर
मी उभी, जाड मोज्यांत.
बोटं पुढे आपटतात?
डाव्या अंगठ्याशेजारचं, हो.
न बोलता तो अर्धा नंबर वाढवतो.

अखंड कातडं. शिवण एकच, टाचेमागे.
वाकवून पाहिला; वाकला नाही.
हेल्वेलिनच्या बर्फात असाच हवा, म्हणे.
तिकडे जयवंत सेलमधले कापडी बूट
तळहातावर तोलतोय: बघ, पिसासारखे!

आठवडाभर घरातच घाला,
चावला तर परत आणा.
नवराबायकोलाही आम्ही जोडाच म्हणतो,
सांगणार होते ॲलस्टरला;
राहिलं.

रात्री बूट घालूनच भांडी घासली.
मग जिन्यावर धप्प, धप्प.
वरून जयवंत ओरडला,
कोण आलंय?