मधली कळ

पहाटे चार. चुलीत रात्रीचा निखारा आहे अजून.
मी कर्णा कोटाच्या आत घेते, गळ्यापाशी,
तान्ह्याला घ्यावं तसा.
पितळ गारठलं की मधली कळ अडते.
ऊब दिली तरी अडतेच, खरं सांगायचं तर.
सात वर्षं झाली.

बोआसनं भिंतीवर फेकला होता तो.
प्यालेला होता. नंतर गुडघ्यांवर बसून
कर्ण्याचा पोचा अंगठ्यानं दाबत राहिला,
जणू पितळ म्हणजे कणीक.
दुरुस्तीला धाडायचा तर विमानानं दक्षिणेला,
आणि विमान कधी येतं, कधी धुकं येतं.
भाड्यात हिवाळ्याचं रॉकेल निघतं.
मग राहिला तसाच.

बाहेर लाब्राडोरचा समुद्र अजून दगड आहे.
पूर्वी चौदा जण निघायचो ईस्टरच्या पहाटे
घराघरापुढे वाजवत, गावाला उठवत.
आज पाच. पाचवी रोझिना, बारा वर्षांची,
भावाचे बूट घालून आलेली.
कुत्री आमच्या आधी उठतात
आणि आमच्याहून सुरात असतात, असं झकारियास म्हणतो.
दर वर्षी म्हणतो. दर वर्षी हसतो आम्ही.

मग टेकडीवर, दफनभूमीत.
इथले सगळे दगड आडवे, एका मापाचे,
मुखियाचा तेवढाच, मुक्या हान्नाचा तेवढाच.
आमोसचाही आहे. खाली आमोस नाही.
मे महिन्यातल्या पातळ बर्फानं नेला त्याला, स्लेजसकट.
पहिली काही वर्षं मी त्या दगडाशी भांडत असे.
देवाशी भांडायला जागा लागते ना कुठली तरी.

पाळक म्हणतात, "प्रभू उठला आहे."
आम्ही म्हणतो, "खरोखर उठला आहे."
तोंडातून वाफ निघते, शब्दाच्या आधी.
आणि मला दर वेळी त्याचे हातच आठवतात:
मरणातून उठून आला,
दार बंद असता आत आला,
पण खिळ्यांची भोकं बुजवून नाही आला.
बुजवता आली नसती का त्याला?
मी विचारत नाही. नुसती पाहते.

स्तोत्राच्या तिसऱ्या ओळीत तो सूर येतो,
मधल्या कळीचा.
तिथे मी थांबते आणि रोझिना तो भरते,
असं ठरलंय आमचं.
आज तिचे ओठ गोठले.
सूर आलाच नाही.
ओळीत भोक पडलं, आणि त्या भोकातून
खाली बर्फ तडकल्याचा आवाज आला, लांब,
कुणाच्या तरी खोकल्याचा,
आणि एका कावळ्याचा.
मग चौथी ओळ. सगळे चौथ्या ओळीत होते.
कुणी मागे वळून पाहिलं नाही.
रोझिना रडवेली. मी कोपरानं ढोसलं तिला: वाजव.

सूर्य आला, समुद्राच्या कडेला, तांबूस,
ऊब नसलेला.
माझे गुडघे दुखत होते, साखरेची सुई घ्यायची राहिली होती,
आणि मी सुखात होते.
कसं ते विचारू नका. मलाही शोधून सापडलं नसतं.
शोधत नव्हते.

मंगळवारी गूस बेच्या तुरुंगातून फोन येतो.
"वाजला का कर्णा?"
"वाजला."
"मधली कळ?"
"तशीच आहे."
पलीकडे कुणी तरी दार आपटलं.
"आई, सुटलो की मी..." म्हणाला, आणि थांबला.
हे वाक्य त्यानं याआधीही तोडलंय, याच जागी.
मी ते पुरं करायला जात असे पूर्वी.
आता म्हटलं, "कळ काढ, बाळा. मीही काढते."
मिनिटाला पैसे पडत होते.
दोघंही काही बोललो नाही.
तारेत त्याचा श्वास होता, माझा होता,
मधे कुठे तरी अडत, पुन्हा येत,
आणि मला तेवढं पुरलं.