आजीचं पाणी

आमच्या गावात उथळ पाण्याला नाव आहे:
आजीचं पाणी.
काळ्या खडकांपासून त्या फेसाच्या रेघेपर्यंत,
दीड-दोन पुरुष खोल,
सत्तरी ओलांडलेल्या पाणबुड्या बायकांसाठी राखलेलं.
कुठे लिहिलेलं नाही.
जेजू बेटावर हे लिहावं लागत नाही.

मी एकेचाळीस वर्षांची.
अकरा वर्षं तिथेच बुडी मारते.

कुणी विचारलं तर सांगते, कान दुखतो.
तेव्हा दुखला होताच, खोटं कशाला बोलू.
सात पुरुष खाली, कपारीत,
कानाच्याच आकाराचा एक अबालोन.
त्याच्याखाली पहार सरकवली
तसा तो खडकाला घट्ट चिकटला.
पहार अडकली, पहारीचा पट्टा माझ्या मनगटात,
वर आभाळ नाण्याएवढं.
पट्टा कसा सुटला, आठवत नाही.
वर आल्यावर सगळ्याजणींची शीळ निघते छातीतून,
माझी निघाली ती शीळ नव्हती.

कान महिन्याभरात बरा झाला.
‘कान दुखतो’ हे वाक्य मात्र
अजून बरं झालेलं नाही.

आणि खरं सांगू, सुख आहे इथे.
कुठल्या दगडाखाली काय, तोंडपाठ.
श्वास संपायच्या आत डोकं पाण्याबाहेर.
दुपारपर्यंत जाळं भरतं,
गोगलगायी, शेवाळ, एखादा वाट चुकलेला ऑक्टोपस.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,
हे मी शेकोटीपाशी इतक्यांदा म्हणाले
की मुली आता माझ्या आधी म्हणतात.

शेकोटीभोवतीची जागा
कोण किती खोल जाते त्यावर ठरते.
मी दाराशी, धूर येतो तिकडे.

परवा बू माल-सून वर आली.
वय ब्याऐंशी. गुडघे जमिनीवर चालत नाहीत,
पाण्यात चालतात.
तिनं जाळं खडकावर उपडं केलं:
चार गोगलगायी.
शेजारी माझं जाळं, ओझ्यानं फाटायला आलेलं.
ती काही बोलली नाही.
बोलली असती तर मी भांडले असते,
भांडायला माझ्याकडे कान होता.
तिनं फक्त त्या चार पुन्हा मोजल्या,
बोट लावून, एकेक,
जणू मोजण्यातच आपली चूक झाली असावी.

मला वाटायचं, घाबरून बसलं
तर जातं ते आपलंच.
त्यात दुसऱ्याचं काय जातं?
चार.
दुसऱ्याचं इतकं जातं.

उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात.
आमचं तसं नाही.
आमचं ऊब देतं आणि गप्प राहतं.

रात्री पहारीचा पट्टा कापून टाकला,
नवा बांधला, सरगाठीचा,
एका झटक्यात सुटणारा.
पाच मिनिटं लागली.
मग बराच वेळ तशीच बसले, अकरा वर्षांकडे बघत.

सकाळी फेसाची रेघ ओलांडली.
पाण्याचा रंग बदलतो तिथे थंडीही बदलते.
पहिल्या बुडीत चार पुरुषांवरून परतले.
दुसऱ्या बुडीत पाच.
कान दुखला. खरंच दुखला,
ताजा, आजचा.
तिसऱ्यांदा तळ दिसला,
हात पोचला नाही.

रिकामं जाळं घेऊन आले तेव्हा मुली हसल्या,
एकीनं माझीच म्हण मला ऐकवली.
जागा दाराशीच होती. धूरही तोच.

माल-सूनच्या जाळ्यात किती होत्या,
मी पाहिलं नाही.
ती मात्र बराच वेळ
मोजत होती.