रकाना सातवा

ओरोसच्या इस्पितळात बुधवारी पाय मोजतात.
पहाटेची एसटी धरून गेलो,
दिगूदादा खिडकीशी, त्याची काठी माझ्या मांडीवर,
डब्यातले घावणे त्याने नांदगावलाच संपवले.

डॉक्टरांनी टेप लावला. उजवा, मग डावा.
गुडघा वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला.
कागदावर आकडा टाकला: बासष्ट टक्के, कायमचे.
दादाने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.
"आणि ऱ्हवलेले अडतीस?
ते खयच्या कपाटात ठेवतत?"
बाकावरचा पांढऱ्या काठीवाला म्हातारा
इतका हसला की शिपायाने त्याला गप्प केलं.

चाळीसच्या वर असला की पात्र.
म्हणजे त्याच्या नावाने मी जे बाजूला टाकेन
त्याची माझ्या करात सूट.
हेडक्लार्क परुळेकर जानेवारीपासून मागे लागलेले:
"बाई, हक्काची वजावट सोडता कशाला?"

फॉर्म घेऊन मी देवगड बंदरावरच्या शेडमध्ये गेले.
दादा नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ,
तो पाय जाळ्याखाली झाकलेला,
सुई आत, बाहेर, गाठ.
नाव लिहिलं. जन्मतारीख. नातं: भाऊ.
सातव्या रकान्यात छापलं होतं:
सदर व्यक्ती सर्वस्वी आपल्यावर अवलंबून आहे काय?

मनात वाचणार होते. मोठ्याने वाचलं गेलं.

सुई थांबली.
"म्हणजे, मी तुझेर जगतंय?"

बारावीनंतर रत्नागिरीला भरलेली डी.एड.ची फी
ह्याच गाठींची.
दोन वर्षांची खानावळ
अण्णा मालंडकरांच्या जुन्या जाळ्यांची,
ती रात्री बत्तीखाली विणायचा, बोटं चिरायची,
मग मीठ लागलं की शिव्या.
निकालाच्या दिवशी त्याने घेतलेलं घड्याळ
अजून चालतं. वर्गात त्याच्यावरच
मी तास संपवते.

ह्यातल्या कशालाच पावती नाही.

"नुसतं लिहायचं असतं रे," मी म्हटलं.
तो समोर बघत राहिला.
होडीतून बर्फाच्या पेट्या उतरत होत्या,
एक पोरगा घसरला, उठला, कोणी पाहिलं का ते बघून घेतलं.

"लिही," दादा म्हणाला.
"सरकाराक काय जाता? होय म्हणान लिही.
पण पेनान नको गो. शिसपेन्सिलीन लिही."

ऑफिसात पेन्सिल चालत नाही.
परुळेकरांच्या टेबलावर मी
त्याच 'होय'वरून निळी शाई फिरवली.
'य'च्या काठाला पेन्सिलची रेघ
जराशी बाहेर राहिली.
खोडरबर पर्समध्ये होता, सातवीतल्या मुलांचा.
तिथेच राहू दिला.