वाटी आणि पेला

घरून कपडे वाळत घालायची दोरी आणली,
निळी, नायलॉनची, कापून दोन तुकडे.
पाचपावलीच्या शाळेत, चौथी 'ब'च्या फरशीवर
दोन वर्तुळं मांडली, एक दुसऱ्यावर चढलेलं.
मधे मासळीएवढी जागा उरली.
म्हटलं, डावीकडे फक्त वाटीचं,
उजवीकडे फक्त पेल्याचं,
आणि मासळीच्या पोटात दोघांचं मिळून.
चिठ्ठ्या लिहा. घाई नाही.

मार्च उतरणीला लागलेला. खिडकीला ओलं पोतं.
पहिल्या चिठ्ठ्या आल्या त्या पुस्तकातून उठून आल्यासारख्या:
वाटी बसकी, पेला उंच.
दोन्ही स्टीलचे. दोन्हीत आपलं तोंड वाकडं दिसते.
प्रज्योत गजभियेने लिहिलं,
वाटीत सांबार चिरून ठेवता येतो, पेल्यात नाही.
(अठरा वर्षांपूर्वी इथे नवी होते तेव्हा
सांबार म्हणजे कोथिंबीर हे कुणी सांगितलं नव्हतं.
डब्याच्या सुट्टीत मी इडलीची वाट पाहिली होती.)

झोया अन्सारी म्हणाली, "बाई, पडल्यावर आवाज येगळा येते."
पाडू दिलं. मग सगळ्यांनाच पाडायचं होतं.
वाटी गरगरत राहते आपल्याच आवाजाभोवती,
पेला एकदाच ठण्णकन बोलतो
आणि लोळत जातो भिंतीपर्यंत.
शेजारच्या वर्गातले टेंभरे सर डोकावून गेले.

तेवढ्यात आचल निखारे,
जी हजेरीलाही मान वर करत नाही,
पालथ्या वाटीला नाक लावून वाचायला लागली
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
कु. मंदाकिनी शेडगे. दोनशे मीटर. दुसरी.
मग पेला फिरवला:
सौ. अपर्णास, शुभविवाहाप्रीत्यर्थ.
"बाई, ह्या दोघी कोण होत?"

सांगणार होते.
पण वर्ग माझ्याआधी कामाला लागला होता.
डाव्या दोरीत पडलं: ही पळते.
उजव्या दोरीत: हिचं लग्न झालं.
डावीकडे: हिले आडनाव आहे.
उजवीकडे: हिले नुसतं सौ.
डावीकडे: हिच्या पुढे अजून एक पोरगी होती.
उजवीकडे, कुणाचं अक्षर ते कळलं नाही:
हिच्या पुढे कोणी नाही. मागे पण नाही.

मासळीच्या पोटात बराच वेळ काही पडेना.
मी खडू हातात घेऊन उभी.
कऱ्हाडच्या मैदानातली माती आठवली,
आणि तांदळाचं ताट,
ज्यात अंगठीने माझं दुसरं नाव लिहिलं गेलं,
आणि कुणीतरी ताट उचलताना
तांदूळ पुन्हा सारखे झाले.

भुनेश साहू उठला. दिवाळीनंतर छत्तीसगडहून आलेला,
बाप उड्डाणपुलाच्या सळया बांधतो,
मराठी लिहायला अजून धजत नाही.
त्याच्या चिठ्ठीवर अक्षर नव्हतं,
नुसता एक गोल, काठाला आत दबलेला.
दोन्ही भांडी उचलून त्याने बोट फिरवलं.
इथे पोचा. इथेपण.
"दोनों गिरे हैं, मॅडम."
"आत्ता पाडले ना बे आपण," प्रज्योत म्हणाला.
"नहीं. ये पुराना है."
आणि त्याने चिठ्ठी मधे ठेवली,
वर खोडरबराचा तुकडा, पंख्याने उडू नये म्हणून.

घंटा झाली. पोरं दोऱ्या तुडवत पळाली,
वर्तुळं कशीही झाली.
आचल तेवढी दारात थांबली, एका पायात चप्पल.
"बाई, मग पयली कोण आली होती?"

नाव आठवेना.
तिचा चेहरा तर मी पाहिलाच नव्हता.
फक्त पाठ,
दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली,
आणि फक्कीने पांढऱ्या झालेल्या टाचा,
वर, खाली, वर, खाली.